हँडल, स्टेपनी आणि त्रिकोण : मोटारीच्या वाटेवरील दुरुस्तीतील धोक्यांचा इतिहास

१

मोटारीचा इतिहास बहुधा वेग, अश्वशक्ती आणि उत्पादनाचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. मोटार चालत असताना काय घडले याची नोंद इतिहासकार तत्परतेने घेतो. ती वाटेत बंद पडल्यावर काय घडले, हा प्रश्न मात्र चालकांच्या गप्पांवर सोडून दिला जातो. वस्तुतः यंत्राची आणि माणसाची खरी गाठ पडते ती यंत्र थांबल्यावरच. झाकण उघडले जाते, हात आत जातो, आणि जी शक्ती आतापर्यंत चाकांपुरती बंदिस्त होती ती अकस्मात माणसाच्या मनगटाशी, डोळ्यांशी वा फुप्फुसांशी येऊन भिडते. या गाठीचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या विषयासंबंधी एक समज सर्वत्र आढळतो. प्रारंभीच्या मोटारी धोकादायक होत्या, पुढे शोध लागत गेले, आणि प्रत्येक शोधाबरोबर एकेक धोका नाहीसा झाला, असे त्याचे स्वरूप आहे. हा समज अर्धसत्य आहे. धोके नाहीसे झाले त्यापेक्षा अधिक वेळा ते स्थलांतरित झाले. ते एका भागातून दुसऱ्या भागात गेले, दृश्यातून अदृश्यात गेले, आणि पुष्कळदा मालकाच्या अंगावरून नोकराच्या व कारागिराच्या अंगावर गेले. पुढील विवेचनात या स्थलांतराचे टप्पे क्रमाने पाहावयाचे आहेत.

२

मोटारीच्या वाटेवरील दुरुस्तीचा पहिला प्रसिद्ध प्रसंग १८८८ च्या ऑगस्टमधील आहे. कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ यांनी ऑयगेन आणि रिखार्ड या आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेवरील आवरण गेले, तेव्हा मोज्याचा बंध गुंडाळून काम भागविले. इंधन संपले तेव्हा विस्लोख येथील औषधविक्रेत्याकडून लिग्रोइन नावाचे पातळ द्रव्य विकत घेतले. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले.

ही हकीकत कौतुकाने सांगितली जाते आणि ते यथायोग्यच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यात आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. बेर्था बेंझ यांनी गाडी रस्त्यात जेथे थांबली तेथेच दुरुस्त केली, आणि त्या थांबण्यात कोणताच धोका नव्हता. त्या रस्त्यावर दुसरी मोटार नव्हती. जो काही धोका होता तो यंत्रात होता : ज्वालाग्राही द्रव्यात, उघड्या तारेत, तापलेल्या धातूत. आजची स्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. यंत्र पुष्कळसे बंदिस्त झाले असून रस्ता हाच मुख्य धोका होऊन बसला आहे. हे परिवर्तन कसे घडले ते पाहण्यासाठी प्रथम हँडलाकडे वळावे लागेल.

३

विजेचा प्रारंभक येण्यापूर्वी इंजिन सुरू करण्यासाठी पुढील बाजूस लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. यातील धोक्याचे कारण यंत्ररचनेतच होते. धावत्या इंजिनात दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, कारण जळणास थोडा अवधी लागतो. परंतु हाताने फिरवताना गती अत्यंत मंद असते. अशा वेळी ठिणगी आधीच पडली तर दट्ट्या वर जाण्यापूर्वीच मागे ढकलला जातो आणि हँडल उलट्या दिशेने झटका देते. या झटक्याने मनगट, हात, प्रसंगी जबडाही मोडे.

म्हणून हँडल मारण्याचे एक शास्त्रच तयार झाले. ठिणगीची वेळ मागे घ्यावी. गिअर मोकळा आहे याची खात्री करावी. हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. आणि हँडल खाली दाबू नये, वर ओढावे. यातील प्रत्येक नियमामागे कारण आहे. वर ओढताना उलटा झटका बसला तर हँडल वाकविलेल्या बोटांतून सुटून जाते. खाली दाबताना बसला तर तो सरळ हाताच्या हाडावर येतो. अंगठा दांड्याभोवती असला तर तोच हाताला अडकवून ठेवतो. गिअर मोकळा करण्याचा नियम विसरला गेला, तर सुरू झालेली गाडी फिरविणाऱ्याच्याच अंगावर चालून येई. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी विकल्या गेलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत थंडीने तेल घट्ट झाले की गिअर मोकळा असूनही गाडी पुढे सरकण्याची खोड होती, हे तत्कालीन चालकांना चांगलेच ठाऊक होते.

या झटक्याने मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक तुटे. या इजेला शल्यवैद्यकात ‘शोफरचा अस्थिभंग’ हे नाव मिळाले आणि ते आजही टिकून आहे. या नावातच एक सामाजिक नोंद दडलेली आहे. या इजेला मोटारमालकाचे नाव मिळाले नाही, त्याच्या पगारी चालकाचे मिळाले. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा असा आहे. धनिक आत बसून राही आणि पावसाथंडीत पुढे वाकून हँडल मारण्याचे काम नोकराकडे असे. धोक्याची वाटणी कशी झाली होती हे त्या काळच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा शल्यवैद्यकातील हा एक शब्द अधिक स्पष्टपणे सांगतो.

हँडलाचा अंत करणाऱ्या शोधाची कथा सुपरिचित आहे. बायरन कार्टर हे मोटार-उत्पादक एका बंद पडलेल्या गाडीला हँडल मारताना जखमी होऊन १९०८ मध्ये मरण पावले, त्यामुळे व्यथित झालेल्या कॅडिलॅकच्या हेन्री लेलंड यांनी चार्ल्स केटरिंग यांच्याकडून विजेचा प्रारंभक तयार करवून घेतला, असे सांगतात. या कथेच्या तपशिलांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. निर्विवाद भाग असा की, केटरिंग यांचा प्रारंभक १९११ मध्ये सिद्ध झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविला गेला. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातील रोकड-यंत्राला विजेची मोटर जोडली होती. क्षणभरच चालावयाच्या मोटरवर तिच्या नित्य क्षमतेहून पुष्कळ अधिक भार टाकता येतो, हे तेथे कळलेले तत्त्व त्यांनी येथे वापरले.

मात्र शोध लागला म्हणजे धोका संपला असे होत नाही. ‘मॉडेल टी’ला हा प्रारंभक १९१९ मध्ये मिळू लागला. भारतात तर जीप, मालट्रक आणि ॲम्बॅसॅडर यांच्याबरोबर हँडल पुढे कित्येक दशके नांदले. बॅटरी उतरली की तेच उपयोगी पडे. शोधाचे साल आणि शोधाचा प्रसार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सामान्य माणसाच्या मनगटाचा इतिहास दुसरीशी बांधलेला आहे.

४

हँडलानंतरचा दुसरा प्रश्न चाकाचा. आरंभीच्या मोटारींची चाके आसाला कायमची जखडलेली असत. पंक्चर झाले की टायर जागेवरच पट्ट्यांनी उचकटून काढणे, ट्यूबला ठिगळ लावणे आणि पुन्हा हवा भरणे एवढे सारे काम धुळीत बसून करावे लागे. १९०४ मध्ये वेल्समधील लानेल्ही या गावी डेव्हिस बंधूंनी यावर एक उपाय काढला. टायर चढविलेले, हवा भरलेले, परंतु आरे नसलेले एक जादा चाक बरोबर न्यावयाचे आणि पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला पकडींनी आवळून बसवावयाचे, अशी ही योजना होती. त्यांचे दुकान स्टेपनी रस्त्यावर होते, म्हणून या चाकाला ‘स्टेपनी’ म्हणू लागले. पुढे संपूर्ण चाकच काढता येऊ लागले आणि डेव्हिस बंधूंची योजना कालबाह्य झाली. ब्रिटनमध्ये तो शब्दही विसरला गेला. परंतु मराठीसह भारतातील अनेक भाषांत जादा चाकाला आजही स्टेपनीच म्हणतात. १९०६ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत फेरेन्स सिस यांच्या विजयी रेनो गाडीला मिशेलिनची काढता येणारी धाव होती. तिच्यामुळे टायर बदलण्याचे काम काही मिनिटांवर आले.

या सुधारणेने वाटेवरील मुक्काम आखूड झाला, हा मोठाच लाभ. परंतु संपूर्ण चाक काढावयाचे म्हणजे गाडी उचलावयाची, आणि त्यासाठी जॅक हवा. आता धोका मनगटावरून छातीवर आला. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. हा भेद ज्यांनी ओळखला नाही अशांवर गाड्या कोसळल्या.

येथेही यंत्ररचनेचे ज्ञान हीच सुरक्षिततेची गुरुकिल्ली ठरते. स्वातंत्र्योत्तर भारतात सर्वत्र पसरलेल्या जीपचे उदाहरण घ्यावे. तिचा हातब्रेक मागील चाकांवर नसून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर होता. गाडी चार चाकांवर उभी असताना हा ब्रेक पक्का असे. परंतु मागील एक चाक जॅकने उचलले की भेदक दंतचक्रांच्या योगाने ते चाक उलट फिरू शके आणि जमिनीवरील दुसरे चाक सुलट. अशा रीतीने ब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरे. गाडी गिअरमध्ये ठेवण्याचाही अशा वेळी उपयोग होत नसे. हे शास्त्र न शिकलेला, पण अनुभवी असलेला चालक जॅक लावण्यापूर्वी तिरप्या कोपऱ्यातील चाकाला पुढूनमागून दगड लावी. चाकाच्या नटा गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करी, म्हणजे उचललेल्या गाडीला हिसका बसत नसे. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सारून ठेवी, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी चाकावर टेकेल, माणसावर नव्हे. या तीन सवयींना कोणताही शोधक नाही, कोणतेही पेटंट नाही. तरी त्यांनी किती जीव वाचविले असतील याची गणती करणे कठीण आहे.

मालट्रकच्या चाकांचा धोका याहून उग्र. त्यांच्या धावेचे दोनतीन भाग असून एका लोखंडी कड्याने ते एकत्र धरलेले असत. कडे नीट न बसता हवा भरली, तर ते तोफगोळ्यासारखे सुटे. अमेरिकेत १९८० मध्ये अशा चाकांसाठी स्वतंत्र सरकारी नियम झाला आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरण्याचे बंधन आले. महामार्गाच्या कडेला झापाखाली पंक्चर काढणाऱ्या कारागिरापर्यंत असा पिंजरा पोहोचणे ही मात्र वेगळी गोष्ट. त्याचा आधार म्हणजे आधी संपूर्ण हवा सोडणे, कड्याची खाच तपासणे आणि हवा भरताना कड्यासमोर उभे न राहणे.

५

विजेच्या प्रारंभकाने हँडल घालविले, पण त्याच्याबरोबर शिशाची मोठी बॅटरी आली. ती भारित होताना हायड्रोजन वायू सोडते, आणि हवेत या वायूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की एक ठिणगी स्फोटास पुरते. उडणारे द्रव्य गंधकाम्ल असल्याने स्फोटाचा पहिला बळी डोळे असतात. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा जोडून गाडी सुरू करताना शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता दूर, इंजिनाच्या धातूवर लावावा, हा नियम यातूनच जन्मला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती वायूपासून दूर पडावी एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी मोडलेले मनगट सांधत असे. आम्लाने गेलेला डोळा परत येत नाही.

रेडिएटरचीही कथा तशीच. जुन्या गाड्यांत पाणी उघड्या हवेच्या दाबाखाली उकळे. बोर घाट चढताना वाफ दिसू लागली की गाडी थांबवून विसावा द्यावयाचा, इंजिन निवल्यावर पाणी ओतावयाचे, हा प्रवासाचाच एक भाग होता. पुढे दाब धरणारे झाकण आले. त्यामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता राहू लागले आणि गाड्या घाट विनाविसावा चढू लागल्या. परंतु असे झाकण उघडताच दाब एकदम उतरतो आणि शंभर अंशांवरील पाण्याचा क्षणात वाफेचा फवारा होतो. पूर्वीचे पाणी उकळून धोक्याची सूचना देत असे. आताचे पाणी शांत दिसून भाजते. कार्यक्षमता वाढली ती सूचना गमावून, असे येथे म्हणावे लागते.

६

दृश्यातून अदृश्यात झालेल्या स्थलांतराची दोन ठळक उदाहरणे ब्रेक आणि पेट्रोल यांत सापडतात. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात हे पाहून ब्रेकच्या अस्तराचा धंदा उभारला. बेर्था बेंझ यांनी चांभाराकडून ठोकून घेतलेल्या चामड्याचेच हे पुढचे पाऊल होते. १९०८ च्या सुमारास या अस्तरात ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णतेने जळत नसल्याने ब्रेक भरवशाचे झाले आणि असंख्य प्रवाशांचे प्राण वाचले. पण ब्रेकचा ड्रम उघडून आतील भुकटी फुंकून वा हवेच्या झोताने उडविणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात तेच तंतू जात राहिले. त्यांचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये.

पेट्रोलचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात केटरिंग पुन्हा भेटतात. त्यांच्याच प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातल्यास इंजिनाची ठोक थांबते असे दाखविले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार विषबाधेने मरण पावले, तरी त्याचा वापर जगभर पसरला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगात ते अखेरचे अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाले. मधल्या काळात पेट्रोलने सुटे भाग धुणे, त्यानेच हाताचे वंगण काढणे, आणि नळीला तोंड लावून एका टाकीतून दुसरीत पेट्रोल ओढणे या गॅरेजमधील नित्याच्या गोष्टी होत्या. ज्या केटरिंग यांच्या शोधाने शोफरचे मनगट वाचविले, त्यांच्याच प्रयोगशाळेतील दुसऱ्या शोधाने गॅरेजमधील पोराच्या रक्तात शिसे नेले. यात व्यक्तीवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. धोका कोणाच्या नजरेस पडतो आणि कोणाच्या अंगी मुरतो, याचा विचार शोधाच्या क्षणी झाला नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

७

आता रस्त्याकडे. ब्रिटनच्या १८६५ च्या कायद्याने स्वयंचलित वाहनापुढे ६० यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ती केली होती. धावते वाहन हाच धोका आणि इतरांना त्याच्यापासून वाचवावयाचे, ही त्यामागील कल्पना. शंभर वर्षांनंतर चित्र पालटले. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते-वाहतूक करारात थांबलेल्या वाहनाची सूचना मागून येणाऱ्यांना देण्याविषयी तरतुदी आल्या आणि लाल परावर्तक त्रिकोण सर्वपरिचित झाला. वाहनाच्या पुढचे लाल निशाण वाहनाच्या मागे गेले, असे या परिवर्तनाचे वर्णन करता येईल. धोकादायक मानले गेलेले वाहन आता स्वतःच धोक्यात होते.

याचे कारण साध्या गणिताने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या चालकाला अडथळा दिसल्यापासून, दीड सेकंद भान येण्यास धरून, कोरड्या रस्त्यावर थांबण्यास सुमारे २५ मीटर लागतात. वेग ताशी १०० किलोमीटर झाला की हेच अंतर सुमारे १०० मीटर होते. वेग अडीचपट वाढला, पण अंतर चौपट झाले. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गाडीमागे दहा पावलांवर उभा राहून हात हलविणारा क्लीनर कदाचित पुरेसा असेल. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर तो पुरेसा नाही. तेथे त्रिकोण दूर ठेवणे, सूचक दिवे लावणे आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहणे हाच मार्ग. बेर्था बेंझ यांनी जे केले, म्हणजे थांबलेल्या जागीच काम उरकणे, ते आता सर्वांत घातक ठरले आहे.

भारतात १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन कायदे झाले. १९८८ च्या कायद्याच्या १२२ व्या कलमाने वाहन धोकादायक स्थितीत उभे करण्यास मनाई केली. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थांनी सभासदांच्या बंद पडलेल्या गाड्यांसाठी मदतीची सोय केली. पण सभासद होते ते बहुधा मोटारमालक. मालट्रकच्या चालकाने आणि क्लीनरने आपला त्रिकोण स्वतःच निर्माण केला : गाडीमागे ओळीने मांडलेले दगड आणि मडगार्डाला खोचलेली झाडाची हिरवी फांदी. दिवसा ही खूण कोणासही कळते. रात्री मात्र दगड दिसत नाहीत, आणि गाडी दुरुस्त होऊन गेल्यावर ते तेथेच राहिले तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा घात करतात. एकाचा बचाव दुसऱ्याचा धोका होतो, हे या इतिहासातील सूत्र येथे अक्षरशः रस्त्यावर मांडलेले दिसते.

८

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाटेवरील दुरुस्तीची सुरक्षितता केवळ शोधांनी आली नाही आणि केवळ कायद्यांनीही आली नाही. शोधाने एक धोका दूर करून दुसरा आणला. कायदा बहुधा अपघातांच्या मागून आला. या दोहोंमधील पोकळी भरून काढली ती अनामिक अनुभवाने : अंगठा बोटांच्या बाजूस ठेवणे, तिरप्या चाकाला दगड लावणे, तापलेल्या झाकणाला हात न लावणे. हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेले, आणि म्हणून लिखित इतिहासात त्याला जागा मिळाली नाही. बंदिस्त यंत्रांच्या आणि विजेवरील मोटारींच्या काळात त्यातील बरेचसे निरुपयोगी होऊन विसरले जाईल. ते टिपून ठेवण्याचे काम इतिहासविभागांनी हाती घेण्याजोगे आहे, कारण ते सांगू शकणारे हात आता वृद्ध झाले आहेत.

दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयी आहे. तंत्रविद्येच्या इतिहासात ‘हा शोध कोणी लावला’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. त्याच्याच जोडीला ‘त्या वेळी हँडल कोणाच्या हातात होते’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. शोफर, क्लीनर, पंक्चर काढणारा आणि ब्रेकची भुकटी फुंकणारा यांची नावे कोणत्याही पेटंटात नाहीत. परंतु प्रत्येक पेटंटाची परीक्षा त्यांच्याच शरीरावर झाली. मोटारीच्या इतिहासाला ही माणसे जोडली गेल्यावाचून तो पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.